निरुपयोगी कोण?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. प्रसंग तसा लहान, पण त्यांतील आमची चूक लहान नव्हती. पस्तीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत घालविल्यावर स्वतःची एक चूक चारचौघांपुढें मांडण्यास हरकत नसावी. ज्या घरांत एका संगणकावर तीन पिढ्यांचे हात फिरतात, त्या घरास ही हकीकत उपयोगी पडेल असेंहि वाटतें.

आमचे थोरले बंधु कैलासवासी झाले त्यास आतां पांच वर्षें होतील. त्यांनीं हयातींत एक मोठें काम केलें, तें म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त. १९९९ पासून आठ वर्षें ते कोंकणांत गांवोगांव हिंडले. देवळांतील जुन्या वह्या, उपाध्यायांच्या नोंदी, वृद्ध आत्याबाईंच्या आठवणी, जें मिळालें तें त्यांनीं जमविलें आणि रात्रीं बसून स्वतःच्या हातानें संगणकावर उतरविलें. त्या काळीं मराठी टंकलेखनाचीं जीं सॉफ्टवेअरें मिळत, त्यांपैकीं एक त्यांजपाशीं होतें, आणि तें विंडोज ९८ ह्या प्रणालीवर चालत असे.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आज आपण संगणकावर ‘क’ लिहितों, तेव्हां युनिकोड नांवाच्या सर्वमान्य संकेतानें त्या अक्षराचा एक ठराविक क्रमांक सांठविला जातो. म्हणून तें लिखाण कोणत्याहि यंत्रावर ‘क’ असेंच वाचलें जातें. देवनागरीस ह्या संकेतांत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून जागा मिळाली आहे, परंतु घरोघरच्या यंत्रांवर तो रुळण्यास बराच काळ गेला. तोंपर्यंत ज्याचा त्याचा संकेत निराळा असे, आणि इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. मूळ फॉन्ट नसेल तर बंधूंच्या सहाशें पानांच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसतो. रूपान्तर करणारीं साधनें आहेत. पण त्यांत आडनांवांतील व गांवांच्या नांवांतील जोडाक्षरें कधीं कधीं बिघडतात, आणि कुलवृत्तान्तांत नांव बिघडलें कीं राहिलें काय? म्हणून मूळ प्रत समोर उघडून ताडून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

विंडोज ९८ चा आधार तिच्या निर्मात्यांनीं ११ जुलै २००६ रोजीं थांबविला, आणि बंधूंचें जुनें यंत्रहि पुढें बंद पडलें. तेव्हां आमच्या सौ. सूनबाईनें तोड काढली. ती संगणकाच्याच व्यवसायांत आहे. आमच्या लिनक्स प्रणालीच्या यंत्रावर तिनें ‘व्हर्च्युअल मशीन’ उभें केलें. हा काय प्रकार आहे तो थोडक्यांत सांगतों. खऱ्या यंत्राच्या पोटांत सॉफ्टवेअरच्या साह्यानें दुसऱ्या यंत्राचा हुबेहूब भास निर्माण करावयाचा आणि त्या भासमान यंत्रांत जुनी प्रणाली नांदवावयाची. आंतल्या प्रणालीस आपण स्वतंत्र यंत्रावर बसलों आहों असेंच वाटतें. वेदान्ताचा परिचय असलेल्यांस घटाकाशाचा दृष्टान्त आठवेल. आकाश एकच, घटामुळें निराळें वाटतें. ही कल्पनाहि कांहीं कालची नव्हे. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालींच आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं ही सोय बाजारांत आणली होती.

ह्या भासमान यंत्रांत बंधूंचें टंकलेखन पूर्ववत् उघडूं लागलें, आणि कुलवृत्तान्त छापण्याचें ठरलें. छापखान्यानें दुरुस्त पानें नवरात्रापूर्वीं मागितलीं होतीं. आमच्या वहिनी आतां एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. रोज सायंकाळीं त्या आमच्याजवळ येऊन बसत, आणि पडद्यावर बंधूंचें लिखाण पाहून एवढेंच म्हणत, “छापून हातीं आलेलें पाहावें, इतकीच इच्छा आहे.”

अशांत एका सायंकाळीं तें भासमान यंत्र सुरूच होईना! कळ दाबावी, क्षणभर खिडकी उघडावी आणि दोन इंग्रजी ओळी दाखवून मिटून जावी. आदल्याच दिवशीं सूनबाईनें यंत्रावर नव्या आवृत्त्या चढविल्या होत्या, हें आम्हांस ठाऊक होतें. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या कीं पहिली दुसरीचें कारण होय, असें मानूं नये, हें आम्हीं वर्गांत कितीदां शिकविलें असेल! तरी त्या वेळीं तें आठवलें नाहीं. वहिनींच्या देखत आम्ही बोललों, “सूनबाई, जें नीट चाललें होतें, त्यास हात लावण्याचें कारण काय होतें?” ती उलट कांहीं बोलली नाहीं. वहिनी डोळ्यांस पदर लावून आंत गेल्या. त्या रात्रीं घरांत जेवणें मुकाट्यानें झालीं.

दुसरे दिवशीं रविवार होता. सूनबाईनें सकाळीं बसून यंत्राची नोंदवही उघडली. पुष्कळशीं सॉफ्टवेअरें आपण काय केलें आणि कोठें अडलों, हें ओळीओळीनें लिहून ठेवीत असतात. त्या नोंदींस ‘लॉग’ म्हणतात. त्यांत अखेरच्या ओळीआधीं एक वाक्य होतें : ‘ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल’. म्हणजे, ज्या कुळांतील पत्ता तूं मागतोस तें कुळ येथें मान्य नाहीं. तें वाक्य वाचून तिनें हळूच विचारिलें, “मामंजी, आपण मध्यंतरीं यंत्राच्या मांडणींत कांहीं बदल केला होता का?”

आम्ही ‘नाहीं’ म्हणणार होतों. पण तोंड उघडतां उघडतांच आठवण झाली. तीन आठवड्यांपूर्वीं आमचे एक स्नेही आले होते. इंटरनेट मंद चालतें, अशी तक्रार आम्हीं केली. ते म्हणाले, “पत्त्यांची नवी पद्धति बंद करून टाका. घरांत तिचा कोणास उपयोग?” त्यांनीं सांगितलें तसा यंत्र सुरू होतांना वाचल्या जाणाऱ्या ओळींत आम्हीं एक शब्द लिहिला. पण यंत्र आम्ही कधीं पुरतें बंद करीत नाहीं, नुसतें निजवितों. त्यामुळें तो शब्द तीन आठवडे तसाच पडून राहिला. सूनबाईनें नव्या आवृत्त्या चढविल्यावर यंत्र पुन्हां सुरू केलें, तेव्हां तो प्रथम वाचला गेला. बीज आमचें, उगवलें तिच्या हातून, आणि आळ तिच्यावर!

आतां ही ‘पत्त्यांची नवी पद्धति’ काय आहे, तें पाहूं. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो. जुनी पद्धति, म्हणजे आय.पी.ची चौथी आवृत्ति, सप्टेंबर १९८१ मध्यें लेखी स्वरूपांत सिद्ध झाली. तींतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. म्हणून एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. चारशें एकोणतीस कोटि पत्ते त्या काळीं अक्षय्य भांडारासारखे वाटले असतील. परंतु आज पृथ्वीवर आठशें कोटींहून अधिक माणसें आहेत, आणि एकेकाच्या घरीं दोन-चार यंत्रें. मध्यवर्ती भांडारांतील अखेरचे पांच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं पांच खंडनिहाय संस्थांस वांटून दिले गेले, आणि तें भांडार रिकामें झालें.

ही वेळ येणार हें जाणत्यांनीं आधींच ओळखलें होतें. डिसेंबर १९९५ मध्येंच सहाव्या आवृत्तीचें पहिलें विवरण प्रसिद्ध झालें, आणि जुलै २०१७ मध्यें तिला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. हिच्यांतील पत्ता १२८ द्विमान अंकांचा असतो. एकंदर पत्त्यांची संख्या लिहावयाची तर एकोणचाळीस अंक मांडावे लागतात. आपल्या देशांत मोबाईलवरील इंटरनेटचा मोठा भाग ह्याच नव्या पत्त्यांनीं चालतो. तेव्हां तिचा कोणास उपयोग, हा आमच्या स्नेह्यांचा प्रश्नच मुळांत चुकीचा होता. ह्यापुढें लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, दोन्ही आवृत्त्या हीं पत्त्यांचीं दोन निरनिराळीं कुळें आहेत, आणि आजचीं बहुतेक यंत्रें दोन्ही कुळें घरांत ठेवून नांदतात.

वाचक विचारतील, कीं आंतल्या विंडोज ९८ ला ह्या नव्या कुळाची गंधवार्ताहि नाहीं; मग नवें कुळ बंद झाल्यानें तिचें काय अडलें? आम्हीं हाच प्रश्न केला. सूनबाईनें उत्तर दिलें तें असें. अडलें तें आंतल्या यंत्राचें नव्हे, तर त्यास सांभाळणाऱ्या बाहेरच्या सॉफ्टवेअरचें. हें सॉफ्टवेअर एकटें नसतें. त्याचा एक भाग आंतल्या यंत्रास नेटवर्क पुरवितो, दुसरा त्यास पत्ता देतो. हे भाग आपापलीं दारें उघडून बसतात आणि त्या दारांतून निरोप घेतात. यंत्राचा स्वतःचा स्वतःशीं बोलण्याचाहि पत्ता असतो. जुन्या कुळांत तो १२७.०.०.१, आणि नव्या कुळांत दोन अपूर्णविराम व पुढें एक, असा ::१.

आतां नव्या कुळाच्या दारास एक सोय आहे. तें उघडलें म्हणजे बहुधा नव्या व जुन्या दोन्ही कुळांच्या पाहुण्यांस त्यांतून घेतां येतें. आपल्याकडे देहलीदीपन्याय म्हणतात तो हाच. उंबऱ्यावरचा एक दिवा घराच्या आंतहि उजेड पाडतो आणि बाहेरहि. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारे पुष्कळदां असें एकच दार उघडतात. आम्हीं नवें कुळ मुळासकट काढल्यावर तें दार उघडूं लागतांच यंत्रानें ‘असें कुळ येथें नाहीं’ म्हणून सांगितलें. तेव्हां सॉफ्टवेअरनें जुन्या कुळाचें साधें दार उघडून काम भागवावयास हवें होतें. पण लिहिणाऱ्यानें हा प्रसंग कल्पिलाच नव्हता. एक दार उघडेना म्हणून सारें घरच बंद झालें. आम्ही बाहेरची पणती निरुपयोगी म्हणून विझविली, आणि माजघरांत काळोख कां पडला म्हणून सुनेवर रागावलों!

सूनबाईनें आणखी एक भेद सांगितला, तो ऐकून आम्हांस व्याकरणाचा आनंद झाला. लिनक्समध्यें हें कुळ बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गानें कुळ जागच्या जागीं राहतें, फक्त त्याचे पत्ते काढून घेतले जातात. त्या स्थितींत सर्व पत्त्यांसाठीं उघडलेलें सामाईक दार उघडतें, आणि जुन्या कुळाचे पाहुणे त्यांतून येऊं शकतात. ज्यास नेमका ::१ हा पत्ताच हवा असतो, त्याचें मात्र अडतें. दुसऱ्या मार्गानें, म्हणजे आम्हीं लिहिलेल्या शब्दानें, कुळच नाहींसें होतें, आणि दार मागणाऱ्यास सरळ नकार मिळतो. पाणिनीच्या व्याकरणांत प्रत्यय नाहींसा होण्याचे असेच प्रकार आहेत. लोप झाला तर प्रत्यय दिसत नाहीं, पण त्याच्यामुळें अंगावर होणारें कार्य होऊं शकतें. लुक् झाला तर तें कार्यहि सामान्यतः उरत नाहीं. आम्हीं लोप समजून लुक् केला होता!

हें दुखणें आमच्या एकाच सॉफ्टवेअरचें नाहीं. टपाल पोंचविणारें पोस्टफिक्स नांवाचें प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे. नवें कुळ बंद केलें, पण यंत्राच्या नांवांच्या यादींत ::१ ची ओळ तशीच राहिली, तर कांहीं मांडणींत तें सुरू होण्याचें नाकारतें. दूरच्या यंत्राच्या खिडक्या आपल्या पडद्यावर आणण्याची जी एस.एस.एच.ची सोय आहे, तीहि ह्याच कारणानें बंद पडल्याचीं उदाहरणें आहेत. विंडोजची गोष्ट निराळी नाहीं. विंडोज व्हिस्टा व सर्व्हर २००८ पासून पुढें ही पद्धति प्रणालीचें अनिवार्य अंग आहे, ती बंद करूं नये, केल्यास कांहीं भाग चालणार नाहींत, असें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या मार्गदर्शनांत स्पष्ट लिहून ठेविलें आहे. बंद करण्यासाठीं चुकीचा अंक भरल्यास यंत्र सुरू होण्यासच पांच सेकंद अधिक लागतात, असेंहि तेथें नमूद होतें. वेग वाढविण्यास जावें आणि मंदपणा पदरीं यावा!

मग आमची मूळ तक्रार, मंद इंटरनेटची, खोटी होती काय? तसेंहि नाहीं. आमच्या घरांतील राउटर नावाची पेटी नव्या कुळाचे पत्ते वांटीत होती, पण पेटीच्या पुढें त्या कुळाचा मार्ग तुटलेला होता. यंत्र आधीं नव्या दारावर थाप मारी, उत्तराची वाट पाही, आणि कंटाळून जुन्या दाराकडे वळे. ह्या वाट पाहण्यांत वेळ जाई. ह्यावरहि जाणत्यांनीं २०१२ सालीं उपाय लिहून ठेविला आहे. त्यास त्यांनीं ‘हॅपी आयबॉल्स’, म्हणजे सुखी डोळे, असें गमतीचें नांव दिलें. एका दारावर थाप मारून फार वेळ न थांबतां लवकरच दुसऱ्यावरहि मारावी, आणि जें आधीं उघडेल त्यांतून जावें. २०१७ च्या सुधारलेल्या नियमांत हें थांबणें सुमारें पाव सेकंदाचें सुचविलें आहे. सारींच सॉफ्टवेअरें हा नियम पाळतात असें मात्र नाहीं.

सूनबाईनें मग तीन गोष्टी केल्या. पहिली, आमचा तो शब्द काढून यंत्र पुन्हां सुरू केलें. भासमान यंत्र तत्काळ उघडलें. दुसरी, दोन्ही कुळें ठेवून जुन्यास अग्रमान देणारी एक ओळ एका लहान फाईलींत लिहिली, म्हणजे राउटर सुधारेपर्यंत खोळंबा नको. तिसरी, एक वही आणून यंत्राशेजारीं ठेविली. यंत्रांत जो कोणी जो बदल करील, त्यानें त्या वहींत तारीख, बदल आणि कारण लिहावें, असा नियम केला. पहिली नोंद तिनें आमच्याकडून लिहविली. तारीख तीन आठवड्यांपूर्वींची घातली. ‘कारण’ ह्या रकान्यांत काय लिहावें तें मात्र आम्हांस सुचेना. अखेर ‘ऐकीव’ असा एकच शब्द लिहिला.

दोष कोणाचा, असें विचारलें तर तो दोघांचा आहे. जें सॉफ्टवेअर एक दार न मिळाल्यानें सारा संसार आटोपतें, तें कच्चें लिहिलेलें होय. आणि काय अडलें तें सामान्य माणसास समजेल असें न सांगणें, हा त्याचा दुसरा दोष. परंतु आमचा दोष त्याहून मोठा. आम्हीं त्या सोयीस अजागलस्तनन्यायानें निरुपयोगी ठरविलें. शेळीच्या गळ्याच्या लोळ्या, त्यांतून दूध नाहीं, म्हणून असून नसून सारख्या! पण आम्ही ती सोय वापरीत नव्हतों, ह्यावरून ती कोणीच वापरीत नव्हतें, असें ठरत नाहीं. घरांतील एखादें माणूस काय करतें हें आपणांस दिसत नाहीं, ह्याचा अर्थ तें कांहींच करीत नाहीं असा नव्हे. कित्येकदां आपण पाहात नाहीं, इतकाच असतो.

त्याच सायंकाळीं आम्हीं वहिनींना बोलावून त्यांच्या समक्ष सूनबाईस सांगितलें, कीं काल आम्ही चुकलों. ती संकोचली आणि “असूं द्या, मामंजी” म्हणून चहा ठेवावयास गेली. वहिनींनीं मात्र आमच्याकडे पाहून मान हलविली. त्या मान हलविण्याचा अर्थ आम्ही पूर्वीं शाळेंत निकालाच्या दिवशीं पाहात असूं.

ह्या हकीकतीस एक शेपूट आहे. छापखान्यानें पृष्ठें फार होतात म्हटल्यावरून एक शाखा गाळावी, असें आमच्या मनांत होतें. त्या शाखेंतील मंडळी तीन पिढ्यांपूर्वीं देश सोडून गेलेली, कोणाचें पत्र नाहीं, कोणाचें येणें नाहीं. आमच्या हिशेबीं ती निरुपयोगीच होती. भासमान यंत्र पुन्हां उघडल्यावर तीं पानें आम्हीं गाळण्यापूर्वीं एकदां ताडून पाहिलीं. दुसऱ्या दोन शाखांत ह्याच शाखेंतून दत्तक गेलेले निघाले, आणि त्यांच्या पानांवर बंधूंनीं जागोजाग ‘पाहा’ म्हणून ह्याच पानांकडे बोट दाखविलें आहे. हीं पानें काढलीं असतीं तर त्या दोन्ही वंशावळींचीं मुळें अधांतरीं राहिलीं असतीं.

ती शाखा आतां छापली जात आहे. खर्च थोडा वाढेल. वहींत त्याचीहि नोंद केली आहे, आणि ह्या वेळीं ‘कारण’ ह्या रकान्यांत लिहावयास आम्हांस अडचण पडली नाहीं.